चीफ नसताना

७ जुलै, सोमवार

बोटीवर चोवीस वर्षं इंजिनरूमचं लॉगबुक लिहिलं, शेवटी चीफ इंजिनिअर म्हणून. बोट सोडली तशी ती सवयही सुटली. कुमुद म्हणते, "तुम्ही मनातलं बोलत नाही, निदान लिहा तरी." आता मनात असं काय असतं माझ्या? पण आज लिहिण्यासारखं घडलं आहे.

सकाळी माझ्या वर्कशॉपमध्ये पत्र आलं. ज्या कंपनीच्या चौदा जहाजांचे पंप आपण दुरुस्त करतो, तिने तीन वर्षांचा नवा करार करण्याआधी एक अट घातली आहे. आपल्या सगळ्या नोंदींचा बॅकअप कसा ठेवता आणि सगळं गेलं तर परत कसं आणता, याचा लेखी आराखडा द्यायचा. सप्टेंबरात त्यांची माणसं येऊन वर्कशॉपचा कॉम्प्युटर बंद करतील, कुठल्याही एका पंपाची जुनी नोंद मागतील, आणि ती चार तासांत काढून दाखवायची. नाही जमलं तर करार दुसऱ्याला.

त्यांचंही चुकत नाही. आमच्याच ओळीतल्या एका वर्कशॉपचा सगळा डेटा गेल्या वर्षी कुणी बाहेरून कुलूपबंद करून टाकला. बारा-पंधरा वर्षांची मापं गेली. कुठला पंप किती झिजला होता, हे सांगायला काही उरलं नाही.

चौदा जहाजं म्हणजे आमचं अर्ध्याहून जास्त काम. ती गेली तर सहातल्या दोघांना घरी पाठवावं लागेल, आणि वयाने पहिला नंबर सेंगचा. सेंग आमचा फोरमन, वय त्रेसष्ट. बेअरिंगला कान लावून आजार सांगणारा माणूस. त्याला आता तुआसच्या या कारखान्यांच्या भागात दुसरं कोण घेणार?

मी सगळ्यांना सांगितलं, काळजी करू नका, आराखडा मी स्वतः करतो. जहाज चालवणाऱ्या माणसाला बॅकअप काय शिकवायचा?

येताना जुराँग ईस्ट स्टेशनवर लिफ्टने वर गेलो. नवे सेफ्टी शूज फार जड आहेत.

९ जुलै, बुधवार

आराखड्याचं पहिलं पान तयार. पहिला नियम मी मोठ्या अक्षरांत लिहिला: "स्टँडबाय पंप कागदावर चालत नाही. दर सोमवारी तो चालवून बघा." बोटीवर मी हेच करायचो. दोन पंपांतला एक चालतो, एक उभा असतो. उभा असलेला चालवलाच नाही तर गरजेच्या दिवशी ते नुसतं लोखंड असतं. बॅकअपचंही तसंच. नुसता घेऊन ठेवायचा नाही, दर सोमवारी त्यातली एक नोंद परत काढून बघायची.

एकताला हे फार आवडलं. एकता नागपूरची, वय तेहेतीस, ऑफिस आणि दर्जातपासणी दोन्ही बघते. बोलते कमी, पण कागद असा वाचते की आपणच लिहिलेलं आपल्याला नव्याने कळतं. तिने विचारलं, "चीफ, आपली बॅकअपची डिस्क कुठे असते?"

"स्टीलच्या कपाटात."

"आणि दुसरी?"

"तिच्या शेजारी."

तिने कागदावर एक कपाट काढलं आणि त्यात दोन चौकोन. मग माझं मलाच कळलं. दोन्ही लाइफबोटी जहाजाच्या एकाच बाजूला बांधल्यासारखं झालं हे. आग लागली तर दोन्ही जळणार. आता एक डिस्क वर्कशॉपमध्ये, एक वुडलँड्सला आमच्या घरी, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. त्यासाठी तन्वीला विचारलं. आमची लेक वन-नॉर्थला हेच काम करते आणि बापाला फुकट सल्ला देते.

१२ जुलै, शनिवार

कंपनीच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: मुख्य माणूस उपलब्ध नसेल तर काम किती काळ चाललं पाहिजे? मी "दोन दिवस" लिहिलं होतं. एकताने ते खोडून "सहा आठवडे" केलं.

मी म्हटलं, "अगं, सहा आठवडे? एवढ्यात माणूस बोटीने जगाला फेरी मारून येतो."

"असू दे चीफ. मोठा आकडा चांगला दिसतो."

असेल. फॉर्म भरण्यात ती माझ्यापेक्षा हुशार आहे. सही मी केली.

संध्याकाळी तिचा कुमुदला फोन आला होता. अर्धा तास चालला. भाजणीबद्दल असावं, परवा थालीपीठ खाऊन ती फार खूश झाली होती. नागपूरची मुलगी तुआसमध्ये बसून कुमुदच्या भाजणीची तारीफ करते, हे मला आवडतं.

१९ जुलै, शनिवार

आज पहिला सराव. बोटीवरच्या सरावात एकाला कॅज्युअल्टी करतात. तो जखमी, त्याने नुसतं पडून राहायचं, बोलायचं नाही. मी हे हौसेने सगळ्यांना समजावून सांगितलं, तर एकता म्हणाली, "मग आजची कॅज्युअल्टी चीफ."

"मी? अगं, सराव मी घेतोय."

"फॉर्ममध्ये लिहिलंय, मुख्य माणूस उपलब्ध नाही. तुमची सही आहे."

आपल्याच जाळ्यात आपण. मला पॅकिंगच्या खोक्यावर बसवलं. सेंग म्हणाला, "चीफ, यू डेड ऑरेडी, डोन्ट टॉक हाँ." त्याला भलताच आनंद झाला होता.

नऊ वाजता जुना कॉम्प्युटर बंद करून नवा लॅपटॉप पुढे घेतला. क्लाउड उघडायला गेले, तर कोड आला माझ्या फोनवर. फोन माझ्या खिशात, आणि कॅज्युअल्टीच्या खिशात हात घालायचा नाही. मग डिस्क लावली. तिने पासवर्ड मागितला. तो फक्त मला ठाऊक: माझ्या पहिल्या बोटीचं नाव आणि मी चढलो ती तारीख. त्यांनी कुमुदचं नाव टाकून बघितलं, तन्वीचं टाकून बघितलं, माझा वाढदिवस टाकून बघितला. एक वाजला. नापास.

चार तास खोक्यावर बसलो. बोटीवर कॅज्युअल्टीला निदान कुणी विचारतं तरी, ब्लँकेट घालतात. इथे कुणी चहासुद्धा विचारला नाही. उठताना पाय असा आखडला होता की सेंगला हात द्यावा लागला.

खरं सांगायचं तर, ते अडले तेव्हा मला मनातून थोडं बरं वाटलं. हे कुठे बोलण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो.

२० जुलै, रविवार

तन्वीला कालचा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "बाबा, कॅन नॉट लाइक दॅट लाह. यू आर द सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर."

मी कुमुदला समजावलं की यंत्रांच्या भाषेत याचा अर्थ असा: ज्याच्यावाचून सगळं बंद पडतं असा भाग. बोटीवर अशा यंत्राची यादी वेगळी असते आणि त्याची निगा सगळ्यांत जास्त राखतात.

"मग राखा की निगा," कुमुद म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. ती अलीकडे गुडघ्याचा विषय काढत नाही. दोन वर्षं रोज काढायची, "ऑपरेशन करून घ्या, ऑपरेशन करून घ्या." मी तिला सांगितलं होतं की वर्कशॉप सोडून कसं जमेल, बघू पुढे. तिला ते पटलं असावं.

२५ जुलै, शुक्रवार

पासवर्ड बदलले. क्लाउडचा कोड आता एकताच्या आणि सेंगच्या फोनवर येतो. दोघांचेही फोन गेले तर वापरायच्या चिठ्ठ्या दोन बंद पाकिटांत: एक वर्कशॉपच्या तिजोरीत, एक आमच्या देवघराच्या खणात.

सेंगने पासवर्ड पाठ केला आणि दिवसभर पुटपुटत फिरला. त्याला म्हटलं, असा पुटपुटलास तर सगळ्या तुआसला पाठ होईल.

२ ऑगस्ट, शनिवार

दुसरा सराव. कॅज्युअल्टी पुन्हा मीच. या वेळी घरून उशी नेली होती. कुमुदनेच दिली, मागितली नव्हती.

एक तास चाळीस मिनिटांत सगळा डेटा नव्या लॅपटॉपवर. बारा वर्षांची मापं, फोटो, सगळं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही खरंच बरं वाटलं, या वेळी आतून-बाहेरून.

मग एकताने कंपनीच्या यादीतलं एक जहाज निवडलं: नॉर्दर्न पर्ल. तिच्या बॅलास्ट पंपाची, म्हणजे तोल राखायला पाणी भरणाऱ्या पंपाची, जुनी मापं काढा. सेंगने शोधलं, एकताने शोधलं. नॉर्दर्न पर्ल कुठेच नाही. चार फोल्डर उघडले, पंपाच्या मापाने शोधलं, वर्षाने शोधलं. सेंग कपाळावर हात मारून म्हणत होता, हा पंप मी या हातांनी उघडलाय.

मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. ते नाव जहाजाच्या नव्या मालकाने ठेवलेलं. जहाज विकलं की नाव बदलतं, पण आम्ही बोटीवरची माणसं जुनंच नाव धरून बसतो. ज्या नावाने तिच्यात झोपलो, तिचं तेल अंगावर घेतलं, तेच तिचं नाव. नॉर्दर्न पर्ल माझ्यासाठी सागरमीरा. आठ महिने होतो मी तिच्यावर. तिची फाइल अर्थात सागरमीरा या नावाने.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन तास पन्नास मिनिटं झाली आणि मला राहवलं नाही. "अरे, ती मीरा!" म्हणालो.

एकताने घड्याळ थांबवलं. "मेलेला माणूस बोलला. ड्रिल फेल."

घरी येईपर्यंत चिडलो होतो. नंतर मोजून बघितलं. चौदापैकी नऊ जहाजं जुन्या नावाने आहेत. इतर कंपन्यांची धरून साठ-सत्तर तरी. डिस्क दोन, क्लाउड एक, आणि सगळ्याची किल्ली माझ्या डोक्यात. कॉम्प्युटर सगळं परत आणतो, पण काय मागायचं हे त्याला कुणी सांगायचं?

९ ऑगस्ट, शनिवार

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. समोरच्या ब्लॉकवर प्रत्येक कठड्याला झेंडा. विमानं डोक्यावरून गेली तेव्हा मी टेबलाशी बसून जहाजांचे नंबर लिहीत होतो.

उपाय एकताने काढला आणि तो इतका साधा आहे की मला सुचायला हवा होता. प्रत्येक जहाजाला बांधतानाच सात आकडी नंबर मिळतो. नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, जहाज मोडीत निघेपर्यंत नंबर तोच. सगळ्या फायली आता नंबरवर लावायच्या आणि समोर तिची आजवरची सगळी नावं लिहायची. जुनी नावं फक्त मला आणि थोडी सेंगला माहीत.

कुमुद चहा घेऊन शेजारी बसली. "मीरा म्हणजे तीच ना, ज्या बोटीवर होतात तेव्हा तन्वी झाली?"

तीच. तिला सगळ्या बोटी माहीत आहेत, एकीवरही पाय न ठेवता.

२० ऑगस्ट, बुधवार

दहा-अकरा दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं फार आहे आणि मी ते रोज जेवणाच्या सुट्टीत एकताला सांगतोय. कँटीनमध्ये मी, ती आणि सेंग. मी नंबर वाचतो, ती फाइल उघडते, मी नावं सांगतो. आणि नावामागून गोष्ट निघतेच. अमुक जहाजाचा पंप उजवीकडे जरा हलतो, कारण पाया बसवतानाच वाकडा बसलाय. मापं घेताना तेवढं सोडून द्यायचं. तमुकच्या पंपात पाणी फेकणारं चाक, इम्पेलर, मूळचा नाही, कोरियात बदललाय. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एकता ते सगळं लिहून घेते. मला वाटलं होतं कंटाळेल. काल मी दमून थांबलो तर म्हणाली, "चीफ, पुढचं. बाबा गेले तेव्हा त्यांच्या टूलबॉक्समधली निम्मी हत्यारं कशाची आहेत तेच आम्हाला कळलं नाही." तिचे वडील कामठीला रेल्वेत फिटर होते. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. चार वर्षं माझ्याकडे काम करते.

मी पुढची फाइल घेतली. हे दिवस बरे चालले आहेत. सेंग तर म्हणाला की बारा वर्षांत त्याने मला इतकं बोलताना ऐकलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज दोन गोष्टी आल्या आणि दोन्ही एकाच आठवड्यावर येऊन पडल्या.

सकाळी कंपनीचं पत्र: तपासणी १८ सप्टेंबरला. दुपारी हॉस्पिटलचा फोन: १७ सप्टेंबरला गुडघ्याच्या ऑपरेशनची जागा रिकामी आहे, घेता का? नाही तर जानेवारीनंतर. माझं नाव यादीत अजून आहे हेच मला माहीत नव्हतं. मी ते काढायला सांगितलं होतं कुमुदला. ती म्हणते, विसरले. कुमुद काही विसरली असं बत्तीस वर्षांत घडलेलं नाही, पण वय सगळ्यांचंच होतं.

मी साहजिकच म्हटलं, जानेवारीत बघू. सेंगनेही साथ दिली. चिनी सातवा महिना चालू आहे, भुतांचा. या महिन्यात कुणी अंगाला सुरी लावून घेत नाही. जागा रिकामी का झाली ते तेव्हा कळलं. घरी येऊन मी आपलंही कारण जोडलं: पितृपक्ष लागतोय.

"पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत," कुमुद म्हणाली. "गुडघा हे कुठलं शुभकार्य आहे?"

५ सप्टेंबर, शुक्रवार

एकताला सांगितलं की ऑपरेशन पुढे ढकलतोय, तपासणीला मी हवा. तिने आराखड्याचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि माझंच वाक्य वाचून दाखवलं: "स्टँडबाय पंप कागदावर चालत नाही. दर सोमवारी तो चालवून बघा."

मी म्हटलं, "अगं, पण करार गेला तर? सेंगचं काय होईल?"

"चीफ, तुम्ही बाजूच्या खोलीत बसून आम्ही पास झालो, तर ते पास होणं नाही. कंपनीला कळणार नाही. तुम्हाला कळेल."

तिच्या आवाजात धार नव्हती. मला राग आला, तो उतरायला दुपार लागली. चोवीस वर्षं ज्युनिअरांना हेच सुनावलं आहे मी. वाटलं, भीती करार जाण्याची आहे की तो माझ्यावाचून मिळण्याची? खरं म्हणजे दोन्हींची आहे. दुसरीची जरा जास्त.

संध्याकाळी तुआस लिंक स्टेशनवर लिफ्ट बंद होती. जिन्याच्या चव्वेचाळीस पायऱ्या. मध्ये तीनदा थांबलो. बुटांचा काही दोष नाही, हे आता लिहून टाकतो.

घरी आल्यावर हॉस्पिटलला फोन केला. बरं होऊन कामावर जायला किती दिवस लागतील, विचारलं. म्हणाल्या, सहा आठवडे. योगायोग बघा, एकताने फॉर्ममध्ये नेमका तोच आकडा लिहिला होता.

कुमुदला सांगितलं तेव्हा ती डाळीला फोडणी देत होती. गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिली, पाठ माझ्याकडे. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, मोहरी उडाली डोळ्यात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

उद्या ऑपरेशन. बॅग कुमुदने भरली. ती भरलेलीच होती असं वाटतं, इतक्या लवकर झाली. वर्कशॉपमध्ये सगळ्यांचा निरोप घेतला. सेंगने एक संत्रं हातात ठेवलं आणि म्हणाला, "घोस्ट ऑल बिझी विथ द फूड. यू गो, क्विक क्विक कम बॅक."

फोन कुमुदच्या ताब्यात दिला. तिला एवढंच सांगितलं की परवा दुपारी एक वाजेपर्यंत तो चार्ज असला पाहिजे. अडले तर विचारतील.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय, आडवा पडून लिहितोय.

ऑपरेशन काल झालं, व्यवस्थित. आज सकाळी नऊला जागा होतो. म्हटलं, आता कॉम्प्युटर बंद केला असेल. दहा वाजता फिजिओवाली आली, वॉकर हातात दिला, म्हणाली उठा. मी कुमुदला विचारलं, फोन? तिने मान हलवली. उठलो. पलंगापासून दारापर्यंत गेलो. दुखलं, पण हे दुखणं वेगळं आहे. नव्या बेअरिंगचं असतं तसं, घट्ट.

अकरा वाजले. बारा वाजले. फोन वाजला नाही. मी तीनदा सांगून बघायला लावला. एक वाजला. म्हणजे चार तास झाले, पास तरी किंवा नापास तरी, आणि मला कुणी काही विचारलं नाही. सूप आलं. ते थंड झालं. एवढ्या वर्षांत वर्कशॉपमधून एकही फोन न आलेला हा पहिला दिवस, आणि मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. रडू येईल असं वाटलं, पण ते औषधांनीही येतं म्हणे.

दोन वाजून दहा मिनिटांनी कुमुदने फोन माझ्या हातात दिला. एकताचा मेसेज होता. त्यात तपासणीबद्दल एक अक्षर नव्हतं.

"चीफ, कॅज्युअल्टी कशी आहे?"

मी ते दोनदा वाचलं. मग दुसरा आला. कंपनीच्या माणसांनी विचारलं होतं एका जहाजाच्या आग विझवायच्या पंपाचं, ज्या जहाजाचं नाव दोनदा बदललंय. डेटा परत आणायला दीड तास, आणि मग नंबरवरून फाइल सापडायला दोन मिनिटं. फाइलमध्ये पंपाच्या पायाच्या वाकडेपणाची नोंद वाचून त्यांच्यातला वयस्कर माणूस म्हणाला, हे आमच्याकडेही लिहिलेलं नाही. कराराचा मसुदा पुढच्या आठवड्यात पाठवतात. सेंगने सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली.

मी लिहिलं: अकरा पावलं चाललो. आणि फोन कुमुदला परत दिला.

"काय म्हणतेय?" तिने विचारलं, जणू तिला माहीतच नाही.

"काही नाही," म्हटलं. "माझी चौकशी करतेय."